अण्णासाहेब खाटेवर झोपले तेव्हा

अण्णासाहेबांच्या वाढदिवसाला रुग्णालयात वाटायची केळी आमच्या वखारीतली, म्हणून मीही हजर होतो. एका केळ्याला सहा पुढाऱ्यांचे हात, समोर खाटेवर भेदरलेले आजोबा.

अण्णासाहेबांच्याच कॉलेजात समाजकार्यातली नीती शिकवणाऱ्या टिळेकरबाई आडव्या आल्या. "यांचा फोटो नको."

"बाई, कॉलेज माझं आहे. विभागप्रमुख व्हायचंय ना?"

"बरं, मग आधी सराव. तुम्ही झोपा, आजोबा केळं देतील."

अण्णासाहेब थाटात आडवे झाले. फोटोग्राफरनं कॅमेरा रोखला तसे ताडकन उठले. "अरे, पेपरात आलं तर? मला विचारलंस का?"

बाई म्हणाल्या, "वा! माझा अख्खा विषय झोपल्या झोपल्या शिकलात!"

अण्णासाहेबांनाही हसू फुटलं. "व्हा प्रमुख. पण हे कुणाला सांगू नका."

बाईंनी नाही सांगितलं. मी पडलो व्यापारी, माझ्याकडं माल टिकत नाही.