ह्या घरची मी

फार वर्षं झाली. किती झाली ते मला विचारू नका. ज्यांनी मला सांगितलं त्यांनाही ठाऊक नव्हतं. पळसडोह नावाचं गाव होतं, आणि त्या गावात म्हाळसाक्का नावाची एक बाई होती. बाई म्हणजे तुमच्याआमच्यासारखीच. ना वैदूण, ना भगतीण, ना अंगात येणारी. तरी तिच्या दारात खुद्द मरीआई सात दिवस बसली आणि रिकाम्या हातानं उठून गेली, असं म्हणतात. म्हणतात बरं का! मी काही बघायला नव्हते.

त्या काळी दर दोन-चार वर्षांनी पटकी यायची, म्हणजे जुलाब-उलट्यांची साथ. सकाळी औत धरलेला गडी सांज व्हायच्या आत जायचा. पटकी म्हणजे मरीआईचा कोप, असं सगळे मानायचे, आणि त्यावर इलाज एकच होता, गाडा. हातभर लांबीचा लाकडी गाडा करायचा. त्यात हिरवा खण, बांगड्या, लिंबाचा पाला ठेवायचा, आणि ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरातलं एक कापड ठेवायचं. मग वाजतगाजत तो गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर सोडायचा आणि मागं वळून न बघता घरी यायचं. पुढचं गाव काय करायचं? तेही तेच. आपल्या गळ्यातलं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं, दुसरं काय!

म्हाळसाक्काचा नवरा आधीच गेला होता. घरात मुलगा राऊ, सून कोंडा, चार वर्षांची नात तानी आणि नऊ महिन्यांचा नातू. त्या वर्षी वैशाखात पटकी आली. राऊ मंगळवारी गेला आणि बाळ बुधवारी. दोन दिवसांत घर अर्धं झालं.

गाडा निघाला तेव्हा आक्कानं त्यात बाळाची कुंची ठेवली. तिनंच शिवली होती ती. लाल कापडाची, पाठीवर पिवळ्या दोऱ्याचा मोर. मोराचा एक पाय जरा वाकडा आला होता, तो उसवून नीट करायचा राहून गेला होता. त्या दिवशी गाडा ढकलायला सगळ्यात पुढं आक्काच होती, असं म्हणतात. गाडा वरखोरी गावाच्या शिवेवर पोचला तेव्हा तिनं हात जोडले आणि म्हणाली, "जा बाई. घ्यायचं ते घेतलंस. आता जा."

चौथ्या दिवशी ती नदीवर पाण्याला गेली. घागर बुडवली तर तोंडाशी काहीतरी अडकलं. तिनं ओढून काढलं. लाल कापड होतं, आणि त्यावर वाकड्या पायाचा पिवळा मोर.

झालं होतं असं, की वरखोरीच्या लोकांनी गाडा आपल्या शिवेवर बघितला, आणि बला टळो म्हणून सरळ नदीत लोटून दिला. आणि नदी वाहते ती वरखोरीकडून पळसडोहाकडे. एवढी साधी गोष्ट! पण गाडा ढकलताना मागं वळून बघायचं नसतं ना, मग नदी कुठून कुठं जाते ते कोण बघणार?

आक्का काठावरच बसली, कुंची उराशी धरून. "सोन्या, मी तुला हाकललं रे," ती म्हणाली, "आणि तू माझ्याच घागरीत आलास." किती वेळ रडली, कुणास ठाऊक. मग उठली आणि ओल्या पदरानं तशीच पाटलाच्या दारात जाऊन उभी राहिली.

पाटलानं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण पाटील होता. "आक्के, दुःखानं डोकं फिरलंय तुझं," तो म्हणाला. "बरं, पुढल्या वक्ताला गाडा खालच्या अंगाला सोडू."

"आणि खालची माणसं काय पाणी पीत न्हाईत?"

पाटील सुपारी कातरत राहिला.

आक्का घरी आली. तानीला मांडीवर घेऊन कोंडा भिंतीशी बसली होती. आक्कानं त्या पोरीकडे बघितलं. आता एवढंच राहिलं होतं. "कोंडे," ती म्हणाली, "आजपास्नं ह्या घरचं जगणं-मरणं दुसऱ्या कुणावर टाकायचं न्हाई. गावावर न्हाई, गाड्यावर न्हाई, देवावर बी न्हाई. ऱ्हायलंय ते आपण राखायचं."

"राखायचं म्हंजे काय करायचं, आत्याबाई?"

"ते मला बी ठावं न्हाई. पण बघायला लागू."

आणि ती बघायला लागली. दिवसभर नदीवर बसून बघितलं, पाण्यात काय काय जातं ते. जनावरं जातात, धुणं जातं, आणि काय सांगू, न सांगण्यासारखंही जातं. तिच्या मनात आलं, दूध तापवलं की नासत नाही, मग पाणी का तापवू नये? तिनं हंडाभर पाणी चुलीवर ठेवलं, चांगलं खळाखळा उकळलं, निववून, दुपदरी फडक्यातून गाळून रांजणात ओतलं. मग दिसलं, की रांजणात तर ज्याचा त्याचा हात जातो. शेण भरलेला, माती भरलेला. तिनं उभ्या दांड्याचं ओगराळं आणलं आणि रांजणाशेजारच्या खुंटीला टांगलं. पाणी ओगराळ्यानंच काढायचं, हात बुडवायचा नाही. बाहेरून आलं की आधी राखेनं हात चोळून धुवायचे. उकिरडा परसातून उचलून पार बांधाच्या पलीकडे नेला. दर बाजाराच्या दिवशी ती सुनेला आणि नातीला उन्हात बसवायची, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघायची, नखं बघायची, जीभ बघायची. फिकट दिसली की दुसऱ्या दिवशी ताटात हिरवी भाजी आणि गूळ ठरलेला.

आणि एक दिवस तिला दिसलं, की कोंडा सगळ्यांच्या मागून, चुलीच्या कोपऱ्यात, कालची आंबून गेलेली आमटी पुसून खातेय. सुनांनी तसंच जेवायचं असतं, तीही सून असताना तशीच जेवली होती. आक्कानं ती वाटी उचलली आणि बाहेर ओतली. "माझ्या शेजारी बस आणि गरम खा," ती म्हणाली. "तू गेलीस तर ह्या घरात काय राखू मी?" कोंडा रडत रडतच जेवली.

गाव हसलं. हसणारच! नदीवरच्या बायांना तर रोजची करमणूक झाली. "आक्का पाणी शिजवती गं बाई! उद्या वारा वाळत घालंल!" रस्त्यानं जाता जाता कुणी विचारायचं, "काय आक्का, आज पाण्याला फोडणी कशाची?" आक्का म्हणायची, "तुमच्या जिभेची." आणि चालू लागायची.

अशी तीन वर्षं गेली. तानी सात वर्षांची झाली. आणि पटकी पुन्हा आली.

आठ दिवसांत सहा घरांतून माणसं गेली. गाव गाड्याच्या तयारीला लागलं. आणि भर दुपारी आक्काच्या दारात एक परकी बाई येऊन उभी राहिली. हिरवं लुगडं, मोकळे केस, कपाळाला मळवट. तिची सावली पडत नव्हती, असं म्हणतात. आक्कानं ओळखलं. पण दार काही तिनं लावलं नाही.

"पाणी दे," बाई म्हणाली.

आक्कानं ओगराळ्यानं तिच्या ओंजळीत पाणी घातलं. बाई प्यायली आणि तोंड वाकडं केलं. "ह्या पाण्यात माझं कुणीच न्हाई. ह्या घराला राखतंय कोण? कुठला देव बसवलायस?"

"देव देवळात हाय, आई," आक्का म्हणाली. "ह्या घरची मी."

"असं? तुला डोळे दोनच. कधीतरी मिटतीलच की. बसते मी."

आणि ती बसली! आक्कानं काय केलं असेल? ओसरीवर पाट आणून दिला. दारात आलेल्याला उभं ठेवायचं नाही, मग ती मरीआई का असेना. रोज दोन वेळा तव्यावरची भाकरी दिली, ओंजळीत पाणी दिलं, आणि तानीवरची नजर हलवली नाही. बाईनं माश्यांचे थवे धाडले, कोंडानं ताटांवर ताटं झाकली. बाईनं शेजारणीच्या हातून शिळ्या जिलब्यांचा द्रोण धाडला. तानीनं भोकाड पसरलं, पण आक्कानं द्रोण उकिरड्यात पुरला आणि पोरीला ताजा शिरा करून घातला. सहा दिवस, सहा रात्री ती म्हातारी झोपली नाही, असं म्हणतात.

सातव्या दिवशी दुपारी कोंडा सरपणाला गेली होती. आक्का खांबाला टेकली आणि तिचा डोळा लागला. साधा लागला की बाईनं लावला, कुणास ठाऊक. तेवढ्यात तानी उन्हातून धावत आली, घामाघूम, घशाला कोरड. हात कोपरापर्यंत बरबटलेले. नदीच्या गाळात बैल करत होती ती. सरळ रांजणाकडे गेली आणि झाकण काढलं.

बाई पाटावरून पुढं वाकली.

आक्काला झोपेतच सगळं दिसत होतं. पण हात हलेना, जीभ उचलेना. लेकराचा हात पाण्यावर गेला. आक्का आतल्या आत ओरडली, "तानी, नगं गं!" आणि आवाज काही फुटला नाही.

पोरीनं हात तिथंच थांबवला. त्याच्याकडे बघितलं. झाकण परत ठेवलं, मागच्या दाराशी गेली, राख घेतली, चोळ चोळ चोळले हात, धुतले. मग दुसरा पाट ओढून त्यावर चढली, ओगराळ्यानं तांब्या भरला, ओगराळं खुंटीला टांगलं, झाकण लावलं आणि घटाघटा प्यायली. पिऊन झाल्यावर तिचं लक्ष ओसरीवर गेलं. "तुमास्नी बी पायजे?" तिनं विचारलं.

बाई तिच्याकडे बघतच राहिली. "आजी तर झोपलीय. मग तू भ्यालीस कुणाला?"

"भ्याले न्हाई," तानी म्हणाली. "आज्जी निजली की ह्या घरची मी."

तेव्हा मरीआई हसली. घरातली भांडी खणखणली, असं म्हणतात. आक्काची झोप उडाली, ती धडपडत उठली आणि तिनं नातीला घट्ट पोटाशी धरलं.

"म्हातारे," बाई म्हणाली, "मला वाटलं हितं राखणारी एकच. तिचा डोळा लागला की झालं. तू तर घर भरून ठेवलंयस!" मग ती कमरेवर हात ठेवून उठली, आणि तिचा आवाज जरा मऊ झाला. "जो तो मला गाड्यात घालून हाकलतो. ये, बस, असं तूच म्हणालीस." तिनं तानीच्या गालावरून बोटं फिरवून ती कानशिलावर कडाकडा मोडली, आणि निघून गेली. त्या दिवसापासून गावात नवं माणूस पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दारात ही गर्दी! फोडणीची चौकशी करणाऱ्या सगळ्या जणी हजर. "आक्का, आमच्या बी घरांकडं बघ गं." आक्का म्हणाली, "शिकवीन सगळं. पण तुमचं घर मी राखणार न्हाई. तुमच्या घरचं कोण, ते आधी सांगा." मागून पाटील पुढं आला. त्याची धाकटी लेक त्या आठ दिवसांत गेली होती. त्यानं पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाला, "माझ्या घरचा मी, आक्का. सांग काय करू." पाटलाला चुलीपुढं बसून फुंकणी फुंकताना गावानं तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आक्का पुष्कळ जगली. तानीची नातवंडं बघून गेली, असं म्हणतात. जरा जास्तच वाटतं मला, पण असू दे.

आता आषाढात आसपासची गावं गाडा पुढं ढकलतात. पळसडोहात तो शिवेवर आला की थांबवतात, सावलीत पाटावर ठेवतात, गरम भाकरीचा नैवेद्य दाखवतात, आणि नदीला लागू देत नाहीत. मग सगळे आपापल्या घरी येतात. वर्षभरात ज्या पोराची किंवा पोरीची हनुवटी रांजणाच्या काठाला लागली असेल, त्या लेकराला रांजणाशी उभं करतात आणि घरातलं वडीलधारं माणूस विचारतं, "ह्या घरचं कोण?" पोरांना त्या दिवसाची कोण घाई असते! पुष्कळ जणांची हनुवटी अजून पोचत नसते, ती टाचा उचलून उभी राहतात आणि मोठ्यांदा सांगतात, "मी!" म्हाळसाक्काच्या गावात त्या दिवशी कुणी टाचांकडे बघत नाही.