आजाऱ्यांची फांदी

एका डोंगराच्या कुशीत, दाट जंगलात वानरांचा एक कळप राहत असे. त्यांची एक रीत मोठी छान होती बरं का, बाळांनो. वडाची एक रुंद, आडवी फांदी त्यांनी आजाऱ्यांसाठी राखून ठेवली होती. कुणी पडले, कुणाला काटा रुतला, की त्याला त्या फांदीवर निजवायचे. बरे होईपर्यंत त्याला काम नाही. प्रत्येकाने आपल्या फळांतला वाटा त्याला द्यायचा आणि आळीपाळीने त्याच्याजवळ बसायचे.

त्या कळपात एक राखण्या होता. उंच शेंड्यावर बसून बिबट्यावर नजर ठेवायची, दिसला की ओरडून सगळ्यांना सावध करायचे, हे त्याचे काम. एका उन्हाळ्यात डोहावर पाणी पिणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाला बिबट्याने उचलले. राखण्या ओरडला होता हो, पण बिबट्या त्याच्या आवाजाच्या आधी पोचला. त्या दिवसापासून राखण्याला घास गिळेना, डोळ्याला डोळा लागेना. नुसते पान गळले तरी तो दचकून ओरडायचा. मग सगळ्यांची पळापळ, आणि मागून हसणे. "आज कोण आलं होतं रे? पळसाचं पान की सागाचं?" पोरे विचारायची.

त्याच सुमारास एक वानर उंबरावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. त्याला फांदी मिळाली, पुढ्यात फळांची रास आली. ते पाहून राखण्या कळपाच्या म्होरक्याकडे गेला. "काका, मलाही चार दिवस तिथे निजू द्या. कुणीतरी जवळ बसा. शेंड्यावर एकट्यानं बसवत नाही हो मला."

म्होरक्याने त्याचे हातपाय चाचपून पाहिले. "कुठे काय झालंय तुला? चांगला धडधाकट आहेस! वाटा काय उगाच द्यायचा? भाऊ कुणाचे मरत नाहीत? जा, कामाला लाग, विसरशील."

पाय मोडलेला वानर फांदीवरूनच म्हणाला, "काका, मी जरा सरकतो. दोघे मावू आम्ही. माझ्यातलंच खाईल तो."

"तू आधी उभा राहा, मग दुसऱ्याची काळजी कर," म्होरक्या खेकसला.

राखण्या गुमान शेंड्यावर जाऊन बसला. त्यानंतर तो कधी ओरडला नाही. पान गळो, फांदी मोडो, तोंडातून शब्द नाही. "बघितलंत? कामाला लावलं की सगळं जातं!" म्होरक्या साऱ्यांना सांगत सुटला.

महिनाभराने भर दुपारी बिबट्या आला, तो थेट राखण्याच्याच झाडावर चढला. शेजारच्या झाडांवरून सगळे ओरडले, "पळ! अरे, उडी मार!" राखण्या बिबट्याकडे बघत होता. एक उडी मारली असती तर वाचला असता. पण त्याच्या घशातून आवाज फुटला नाही, हातातली फांदी सुटली नाही. बिबट्या त्याला घेऊन गेला.

"हात धड, पाय धड," म्होरक्या पुन्हापुन्हा म्हणू लागला. "मग उडी का मारली नाही त्यानं?"

पाय बरा झालेला वानर पुढे आला. "पायांना काहीच झालं नव्हतं, काका. भीतीनं त्याला बांधून टाकलं होतं. तो तेच सांगायला आला होता. मला तुम्ही सगळ्यांनी खाऊ घातलं, उशाशी बसलात, म्हणून मी उठलो. त्याच्याजवळ कोण बसलं?"

तेवढ्यात एकाच उन्हाळ्यात दोन लेक गमावलेली राखण्याची आई झाडाखाली मटकन बसली. रडली नाही, काही मागितले नाही. म्होरक्या आपल्या वाट्याची फळे घेऊन खाली उतरला, ती तिच्यापुढे ठेवली आणि तिच्याजवळ बसून राहिला. मग एकेक करून सारा कळप उतरला.

तात्पर्य : मोडलेल्या पायाला जेवढा मान आणि जेवढा वाटा देतो, तेवढाच मोडलेल्या मनालाही वेळेवर द्यावा, न दिसणारे दुखणेही जीव घेते.