सड्याच्या वाटेवरची उंच जीप

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याला आपल्या वडिलांची जुनी जीप उंच करून हवी होती. जीप दोन दारांची, आखूड, वर कापडी टप. वडील गेल्यापासून ती बहुतेक वेळ गोदामाच्या मागे उभी असे आणि तिच्या बॉनेटवर मांजरं उन्हाला बसत. ती बाहेर काढून, धुऊनपुसून व्यापारी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात आला. तिथे एक वृद्ध मिस्त्री होते. सगळे त्यांना वस्ताद म्हणत.

वस्तादांचं आयुष्य डोंगरातल्या गाड्या दुरुस्त करण्यात गेलं होतं. एके काळी त्या भागात रस्ता असा नव्हताच. वऱ्हाड, दुधाच्या किटल्या, बाळंतपणाला निघालेली बाई, निवडणुकीच्या पेट्या, सगळं अशाच जीपांमधून वरखाली जाई. कुणाची जीप येते आहे ते लोक वळणाआधीच आवाजावरून ओळखत आणि चुलीवर चहाचं आधण चढे. पुढे डांबर आलं आणि जीपा हौसेच्या झाल्या. आता वस्तादांकडे तरुण मुलं येत, गाड्या उंच करून घेत, कमरेएवढी चाकं लावत आणि त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढत. वस्ताद तेही काम तितक्याच निष्ठेने करीत. त्यांच्या हाताखाली सर्जेराव नावाचा एक शिष्य होता. उंच गाड्यांचं त्याला वेड होतं.

"वस्ताद, गाडी चांगली वीतभर उचला," व्यापारी म्हणाला. "आणि चाकं मोठ्यात मोठी घाला."

"हौस आली का शेठ?"

"हौस कसली. आईला वर न्यायचंय."

व्यापाऱ्याच्या आईची थोरली बहीण वर सड्यावर, आईच्या माहेरच्या घरी राहत होती. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथे अजूनही डांबर पोहोचलं नव्हतं. मावशीने अंथरूण धरलं होतं. तिला खाली आणणं आता शक्य नव्हतं, आणि सड्याखालची शेवटची चढण पावसाने धुऊन निव्वळ दगडगोट्यांची झाली होती.

"मागच्या महिन्यात हिच्यातनंच नेली होती आईला," व्यापारी सांगू लागला. "चढणीवर चाकं नुसती जागेवर उड्या मारायला लागली. अर्ध्यातनं परत फिरलो. आई घरी आली, हातपाय धुतले आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मावशीचं आता काही खरं नाही, वस्ताद. या दोघींची भेट झाली पाहिजे."

वस्तादांनी वाकून जीपच्या खाली पाहिलं. मग म्हणाले, "आधी एकदा वाट बघून येऊ या."

"वाट काय बघायची? वाट होती तिथंच आहे. बदलायची ती गाडी."

सर्जेरावही मध्येच बोलला. एवढं मोठं काम त्याने कधी एकट्याने केलं नव्हतं. "वस्ताद, हे मी करतो. तुम्ही फक्त बसून बघा."

वस्तादांनी आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. एकाला घाई होती आणि एकाला हुरूप. दोन्हीपुढे बोलणं व्यर्थ असतं हे त्यांना ठाऊक असावं. "कर," ते म्हणाले. "फक्त वर जाताना मला बरोबर न्या."

सर्जेरावाने जीव ओतून काम केलं. स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे चढवले, पाटे जाड केले, नवे शॉक बसवले. मोठी चाकं घासू नयेत म्हणून मडगार्ड कापून त्यांच्या कडा गोल घासल्या. चाकांत टम्म हवा भरली. वस्तादांनी प्रत्येक नट स्वतः पान्याने तपासला आणि म्हणाले, "काम चोख आहे." सर्जेराव दिवसभर शीळ घालत होता. गॅरेजच्या फरशीवर ती जीप अशी उभी होती की रस्त्याने जाणारे थबकून बघत.

ठरल्या दिवशी व्यापारी आईला घेऊन आला. आईचं नाव इंदिराबाई. लहानखुरी बाई, हातात बहिणीसाठी घेतलेल्या लुगड्याची पिशवी. जीपसमोर उभं राहून त्यांनी मान वर केली.

"विलास, ही आपलीच का रे? हिच्यात बसायचं का हिला हात जोडायचे?"

मग स्टूल आलं. एकाने दंड धरला, एकाने पिशवी धरली, आणि त्या हसत हसत कशाबशा चढून बसल्या. "तुझ्या बापानं मला असं कधी उचलून ठेवलं नव्हतं बाबा," त्या म्हणाल्या. व्यापाऱ्याने गाडी सुरू केली. वस्ताद आणि सर्जेराव मागे बसले.

डांबर संपेपर्यंत सगळं ठीक होतं. कच्च्या वाटेवर गाडी डुलू लागली. आणि चढण आली तेव्हा जे व्हायला नको होतं तेच झालं. मोठी चाकं दगडांवर आदळून चेंडूसारखी उसळू लागली. गाडी उंच झाली होती, त्यामुळे प्रत्येक उसळीबरोबर ती दरीच्या अंगाला कलायची आणि परत यायची. खालचे दगड निसटून दरीत जात आणि बराच वेळ त्यांचा आवाज येत राही. अशा वेळी काय वाटतं ते ज्याला उंचावर घेरी येते त्यालाच कळेल. इंदिराबाईंनी समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. त्या ओरडल्या नाहीत. एका मोठ्या उसळीनंतर एवढंच म्हणाल्या, "विलास, थांबव."

त्या खाली उतरल्या. उतरल्या कसल्या, जवळजवळ घसरल्याच. वाटेकडेच्या एका दगडावर बसून त्यांनी पिशवी मुलाच्या हातात दिली.

"तुम्ही जा. अक्काला म्हणावं, इंदी इथवर आली होती. लुगडं तिला दाखवा, आवडलं का विचारा."

"आई, अगं एवढंच राहिलंय. वरचं झाड दिसतंय बघ."

"दिसतंय रे. म्हणून तर सांगते, जा."

व्यापारी कपाळाला हात लावून उभा राहिला. सर्जेरावाचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने बांधलेली एवढी उंच, एवढी देखणी गाडी, आणि एका म्हाताऱ्या बाईला तिच्यात बसवत नव्हतं. तो जीपकडे बघेना, इंदिराबाईंकडेही बघेना.

इतक्यात फुस्स असा आवाज झाला.

सगळे दचकले. बघतात तो वस्ताद पुढच्या चाकाशी उकिडवे बसून किल्लीच्या टोकाने चाकाचा व्हॉल्व्ह दाबत होते. नव्या चाकातली हवा जोरात बाहेर पडत होती.

"अहो वस्ताद, काय करताय?" व्यापारी धावला. "पंक्चर करताय का गाडी?"

"वस्ताद, रिम बसेल खाली," सर्जेराव काकुळतीला येऊन म्हणाला. "नवे टायर आहेत."

वस्ताद एका चाकाकडून दुसऱ्याकडे गेले. प्रत्येक ठिकाणी बसायचे, हाताने चाक दाबून बघायचे, पुन्हा थोडी हवा सोडायचे. चारही चाकं दमलेल्या बैलांसारखी खाली बसली. वीतभर उचललेल्या गाडीची ऐट तेवढ्यातच निम्मी झाली.

इंदिराबाई मात्र दगडावर ताठ बसल्या होत्या. त्यांनी डोळे मिटले होते.

"पुन्हा करा हो भाऊ," त्या म्हणाल्या.

"काय वहिनी?"

"तो आवाज."

वस्तादांनी एकवार व्हॉल्व्ह दाबला. इंदिराबाई ऐकत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, "तुझे वडील इथंच थांबायचे. दर खेपेला. न बोलता उतरायचे आणि चाकापाशी बसायचे. असाच आवाज यायचा. मी आत बसून चडफडायची. मला वाटायचं, बायकोला माहेरी सोडायचं जिवावर येतं म्हणून हे असे रेंगाळतात. काहीतरी निमित्त काढून वेळ घालवतात."

"तू विचारलं नाहीस कधी?"

"विचारायचं कशाला? मला कारण माहीत होतं ना." त्या किंचित हसल्या, आणि मग ते हसू तसंच विरलं. "एवढी वर्षं मला कारण माहीत होतं."

वस्तादांनी एक सपाट दगड लोटत आणून दाराखाली ठेवला. "चला वहिनी. आता हळू जाईल."

गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून व्यापारी निघाला. चाकं तीच होती, दगडही तेच होते. पण आता चाक दगडावर येई, त्याच्याभोवती मऊ होऊन बसे आणि मगच पुढे सरके. उसळी नव्हती. गाडी जणू एकेक दगड चाचपत, ओळखत वर जात होती. सर्जेराव मागून वाकून चाकाकडे बघत राहिला. वरचं झाड जवळ येत गेलं, मग बाजूला आलं, मग मागे पडलं. सडा लागला.

अक्कांचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. कौलारू, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, दारातच बाज टाकलेली. बाजेवरच्या बाईने जीपचा आवाज ऐकून मान उचलली होती. इंदिराबाई तिच्या उशाशी जाऊन बसल्या. अक्कांनी त्यांचं मनगट चाचपलं. मग अक्का म्हणाल्या, "वाळलीस की गं इंदे. जेवत नाहीस होय?"

"तूच सांग आता मला. स्वतःकडे बघ."

"मला काय झालंय? मी आडवी हाय एवढंच."

दोघींचा धाकटा भाऊ पुढच्या वाडीवर राहत होता. त्यालाही आताच घेऊन यावं असं ठरलं, म्हणजे तिघं भावंडं एकत्र बसतील. वाडीपर्यंतची वाट सपाट होती, पण जांभ्याच्या धारदार कडांची. अशा वाटेवर नरम चाक कापलं जातं. म्हणून वस्तादांनी गाडीतला पायपंप काढला आणि सर्जेरावाच्या पुढे ठेवला.

सर्जेराव पंप मारू लागला. घामाने निथळत त्याने विचारलं, "वस्ताद, मग उंच केली ती चूकच झाली का?"

"चूक नव्हे," वस्ताद म्हणाले. "उंची लागते, पोटाला दगड लागू नये म्हणून. पण उंची गाडीला वर नेत नाही, नेते ती पकड. ताठ भरलेलं चाक दगडाला एका बोटाएवढं टेकतं. दगड हलला की ते उडतं. त्यातला दाब थोडा सोडला की तेच चाक दगडाचा आकार घेतं. मग आडवा आलेला दगड आधाराचा होतो. गाडी उचलताना तू वाटेपासून लांब जायचं बघत होतास, बाळा. चढायचं असेल तर वाटेला जास्त भिडावं लागतं."

"हे आधीच का नाही सांगितलंत?"

"मला तरी कुठं माहीत होतं? मी वाट पाहिलेली नव्हती. दगडगोटे म्हटल्यावर अंदाज आला होता, पण अंदाजावर मी तुझं काम कसं मोडू?" वस्तादांनी चाक हाताने दाबून पाहिलं. "गॅरेजची फरशी सपाट असते, सर्जा. तिच्यावर उभी असेपर्यंत कुठलीही गाडी चांगलीच दिसते. माणूससुद्धा."

सर्जेराव पंप मारत राहिला. थोड्या वेळाने व्यापाऱ्याने येऊन त्याच्या हातून पंप घेतला आणि स्वतः पाय मारू लागला.

पंपाचा तो दबका आवाज दारातल्या बाजेपर्यंत जात होता. अक्का कान देऊन ऐकत होत्या. मग बहिणीला म्हणाल्या, "तुझे मालक असंच मारायचे. तिथं झाडाखाली."

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला? चढण संपली की तू उडी मारून पळत सुटायचीस घराकडं. तुला आईच्या गळ्यात पडायची घाई. त्यांना पुढच्या वाड्यांना गूळ घालायला जायचं असायचं. ते बिचारे उन्हात एकटे हवा भरत बसायचे. मीच कळशी घेऊन जायची त्यांना पाणी द्यायला."

"मग सांगितलं नाहीस ते मला?"

"एकदा म्हटलं त्यांना, इंदीला बोलावू का मदतीला. तर म्हणाले, नको, किती दिवसांनी माहेरी आली आहे, पळू दे तिला." अक्का धाप लागून थांबल्या. "आता तू मागं वळून बघितलंच नाहीस कधी, तर मी काय सांगणार?"

इंदिराबाईंनी बाहेर पाहिलं. झाड दारातून स्पष्ट दिसत होतं. मग त्यांनी बहिणीच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आत जाऊन माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि सावकाश अंगणाबाहेर आल्या. व्यापारी शेवटच्या चाकापाशी होता. त्यांनी तांब्या मुलापुढे धरला. तो पाणी पिऊन म्हणाला, "आई, तू जा ना आत, मावशीपाशी बस. ऊन आहे."

"जाते. तुझं होऊ दे."

आणि चाक भरेपर्यंत त्या तिथेच उन्हात उभ्या राहिल्या.

आपण ज्यांच्यामुळे वर पोहोचलो ते बहुधा थोडे मागे, एखाद्या झाडाखाली काहीतरी करत बसलेले असतात. पळत सुटण्याआधी तेवढं वळून बघावं.