बांधावरची कणसं

एकदा एक शिष्य बारा वर्षांची मेहनत लाल फडक्यात बांधून आपल्या गुरुमाईंच्या दारी आला. या एवढ्या थोरल्या देशाच्या शेतीचा इतिहास त्यानं लिहिला होता. कोणत्या राजानं तलाव खोदले, कोणत्या दिवाणानं जमिनी मोजल्या, कुठल्या साहेबानं बोटीतून कोणतं बी आणलं, सगळं सनावळीसकट. पौर्णिमेला राजधानीत विद्वानांची सभा भरणार होती. ग्रंथ तिथं मान्य झाला की पाठशाळांतून तोच शिकवला जाणार आणि पुढच्या पिढ्या तोच खरा मानणार. तो आला ती बैलगाडी एका व्यापाऱ्याची होती. तोही सोबत आला होता, कारण सातव्या प्रकरणात त्याच्या आजोबांच्या धान्यकोठाराचं वर्णन होतं, चांगलं चार पानं.

माईंनी होकार दिल्याशिवाय ग्रंथ सभेत न्यायचा नाही, असं मात्र शिष्यानं ठरवलेलं होतं. माई स्वतः कुठल्या पाठशाळेत गेल्या नव्हत्या, पण पंचक्रोशीतले पंडित त्यांच्यापुढे जपून बोलत. त्यांनी तीन दिवस ग्रंथ ऐकला. हातांनी तूर निवडणं चालू आणि कान शिष्याकडे. चौथ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, ज्वारी काढणीला आली आहे, विळा लागायच्या आत पुढच्या पेरणीसाठी बियाण्याची कणसं निवडून आण. एक टोपली पुरे.

शिष्य सुखावला. बियाण्यावर तर त्याचं अख्खं प्रकरण होतं. वावराला वळसा घालून त्यानं एकेक निवडक कणीस खुडलं, नारळाएवढं, मोत्यासारख्या दाण्यांचं. व्यापारी तर टोपली पाहून हरखूनच गेला. यातलं एक सभेत नेऊन मांडू, असंही त्यानं सुचवून टाकलं.

माईंनी टोपलीत एकदा पाहिलं. मग अंगणात घोंगडी पसरून कणसं तिच्यावर ओतली आणि काठीनं बडवायला घेतली. दाणे पाखडले, जातं मांडलं. पहिली मूठ जात्यात पडली तेव्हा शिष्याला ही आपली परीक्षा वाटली. तिसरी मूठ पडली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. अहो, हे बियाणं आहे, असं त्यानं म्हणून पाहिलं. दिसतंय मला, म्हणून माई दळत राहिल्या. दुपारी त्याच पिठाच्या भाकरी ताटात आल्या, ठेच्याबरोबर. व्यापाऱ्यानं तीन खाल्ल्या. शिष्यानं ताट बाजूला सारलं.

शेवटी त्याच्यानं राहवलं नाही. "माई, ग्रंथ आवडला नसेल तर तसं सांगा. त्या बिचाऱ्या कणसांवर कशाला राग काढता?"

माई हसल्या. त्याच्या मनगटाला धरून त्यांनी त्याला वावराकडे नेलं आणि बांधावर न थांबता थेट आत घुसवलं. ज्वारी डोक्याच्या वर. पानं गालाला कापत होती. अगदी मध्यावर चार बाया फिरत होत्या. एखादं कणीस बोटांनी चाचपायच्या, खालचा दांडा हलवून पाहायच्या आणि पसंत पडलं की त्याला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायच्या. चिंधीचं कणीस बियाण्याचं. बाकीचं खाण्याचं. कणसं मुठीएवढीच होती, पण दाट भरलेली.

"तुझी कणसं कुठली होती, सांगू?" माई म्हणाल्या. "बांधाकडेची. तिथं एका अंगाला शेजारी नाही. ऊन मोकळं, वारा मोकळा, पाटाची गळती त्याच बाजूला, बैल बांधतात ते शेणही तिथंच. तिथं कुणीही माजेल, बाळा. ते सुख जागेचं असतं, ते दाण्यात उतरत नाही. आणि हे मधलं बघ. चारी अंगांनी गर्दी, ओल वाटून घ्यायची, वारं सोसायचं, तरी भरलं आणि वाकलं नाही. हा गुण त्याचा स्वतःचा. हाच पुढच्या साली उगवतो."

माईंचा आवाज मऊ झाला.

"ग्रंथही तू तसाच वेचलास. राजे, दिवाण, साहेब, या शेटजींचं कोठार. सगळे रस्त्यावरून दिसणारे. ते नव्हते असं मी म्हणत नाही. त्यांचीही भाकरी होते, खावी. पण मुळात ही ज्वारी रानगवत होती रे. दाणा पिकला की मातीत गळून जायचा. न गळणारं कणीस कुण्या बाईनं ओळखलं, जपलं, पोरं भुकेली असताना बियाण्याला हात लावला नाही. एकदा नाही, हजारो सालं, दर साली. एवढा देश त्यावर जेवला, आणि तुझ्या बारा वर्षांत तिच्यासाठी एक ओळ नाही."

"तिचं नाव कुठं मिळणार, माई?"

"नाव नाही मिळणार. काम मिळेल. ते अजून चालू आहे, तुझ्यासमोर."

बांधावरून व्यापारी हाका मारत होता. आज निघालो नाही तर पौर्णिमा चुकेल, बारा वर्षं पाण्यात जातील. शिष्यानं मागं वळून पाहिलं. जायची ओढ होती, खोटं कशाला सांगायचं. मग त्यानं तिथूनच सांगितलं, की शेटजी, तुम्ही पुढं व्हा, ग्रंथ अजून अर्धाच झालाय. व्यापारी बराच वेळ कुरकुरला. थोड्या वेळानं गाडीच्या चाकांचा आवाज दूर गेला.

शिष्यानं जवळच्या बाईला विचारलं, की हेच कणीस का निवडलंत, शेजारचं का नाही.

"एवढं शिकला आन् हे विचारतोस व्हय?" ती बाई हसली. बाकीच्याही हसल्या, माईसुद्धा. पण बाईनं कणीस त्याच्या हातात दिलं. "डोळं मिट आदी. बोटानं बघ. डोळ्याला मोठंच आवडतं."

त्यानं डोळे मिटले.

आपल्या ताटातल्या भाकरीचं बी कुणी निवडलं, हे सांगणारी बाई अजून वावराच्या मध्यावर उभी आहे. आपण आत जायची तसदी तेवढी घ्यायला हवी.