जुना ट्रॅक्टर आणि रथाचा मान

सासऱ्यांच्या वेळचा आमचा छोटा ट्रॅक्टर बंद पडला, तेव्हा मी गावदेवीला नवस बोलले होते, "आई, हा पुन्हा सुरू होऊ दे, यंदाही तुझा रथ हाच ओढील." ह्यांनी इंजिन बदललं, डाळिंबाच्या ओळींत शिरावा म्हणून चाकं जवळ घेतली, वर स्कूटरची सीट बसवली. देवीनं ऐकलं.

जत्रेच्या दिवशी मात्र पंचकमिटीचे अध्यक्ष दाजीसाहेब आडवे आले. "सूनबाई, रथाचा मान त्या जुन्या ट्रॅक्टरचा. ह्यात जुनं काय उरलंय? माझा नवाकोरा जुंपतो."

मी हात जोडले. "दाजीसाहेब, तुमचे दात नवे, गुडघा नवा, केस तर दर महिन्याला नवे. तरी अनसूयाकाकू वडाला फेऱ्या मारून सात जन्म तुम्हालाच मागतात. आता त्यांनी काय करावं?"

आरतीचं ताट सावरत काकू म्हणाल्या, "थांब गं, मला जरा विचार करू दे!"

सगळीकडे हशा पिकला. दाजीसाहेबांनी आमच्याच ट्रॅक्टरपुढे नारळ फोडला.

बायांनो, जुनं यंत्र भंगारात घालण्याआधी तुम्हीही देवीला नवस बोलून बघा. आणि हो, मेकॅनिकलाही बोलवा. देवीला तेवढीच मदत.