पेवठाणची थांबलेली हळद

बसा पाव्हणं, बसा जरा. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग असं म्हणतात, पण तुमच्याकडं नवऱ्याचे मामासुद्धा बाशिंग बांधूनच गाडीतून उतरलेत. रागावू नका, थट्टा करतोय. हळद वाटून झालीय, ती बघा परातीत भिजवून ठेवलीय. बायका भोवतीनं बसल्यात, नवरी पाटावर आहे. तरी तिच्या अंगाला आज हळदीचं बोट लागणार नाही. लागेल ते उद्या, याच वेळेला. पेवठाणात प्रत्येक पोरीची हळद अशी एक दिवस थांबते. आणि ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण तुमच्या गावात हसण्यावारी जात असेल, आमच्या गावात ती कुणी तोंडातून काढत नाही.

तो पलीकडचा माळ दिसतो ना, त्याच्या पोटात सगळी पेवं आहेत. पेव म्हणजे हळद साठवायचा खोल खड्डा. वरचं तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत रांजणासारखं रुंद. हळद भरायची, तोंड मातीनं लिंपायचं, की वर्षानुवर्षं किडा लागत नाही. पण आतली हवा मरते. म्हणून रीत अशी, की पेव उघडलं की एक दिवस एक रात्र तसंच सोडायचं. मग शिंक्यात पेटता दिवा ठेवून दोरीनं तळापर्यंत सोडायचा. दिवा जगला तर माणूस जगेल. विझला तर कुणी आत पाय टाकायचा नाही, मग तो राजा का असेना.

गावच्या पाटलाच्या घरात त्या काळी एक थाट होता म्हणे. मुलगी जन्मली की त्या सालची हळद वेगळ्या पेवात भरायची आणि ते पेव तिच्या लग्नालाच फोडायचं. पोरगी आणि तिची हळद एकाच वयाची. दिवाही तिनंच सोडायचा, बघायचाही तिनंच. येसाजी पाटलाची आवडा सोळा वर्षांची झाली, तेव्हा तिचं पेवही सोळा वर्षं मिटलेलं होतं.

आवडाचं एक लग्न आधी मोडलं होतं. साखरपुडा होऊन मोडलं, कारण कुणाला कळलं नाही, पण नावं पोरीलाच ठेवली गेली. आपल्याकडं दुसरं काय होतं? दुसरं स्थळ जुळलं तेव्हा पाटलीणबाई नवस बोलत सुटल्या. आणि लग्नाला चार दिवस असताना सकाळीच निरोप आला, की नवऱ्याचा आजा घटका मोजतोय, अक्षता आजच पडल्या पाहिजेत. म्हातारा गेला तर घरात वर्षभर कार्य नाही, आणि वर्षभर कोण थांबतंय मोडक्या नावाच्या पोरीसाठी? हे आवडाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

पेव त्याच घटकेला फोडलं. पेवात उतरणारा रायाप्पा. साऱ्या गावात त्याच्याएवढं हे काम कुणाला येत नव्हतं. तो म्हणाला, “पाटील, उद्या उतरतो. सोळा वर्षांची हवा हाय ती.”

“उद्या म्हातारा नसंल,” पाटील म्हणाले. “दिवा सोडा. दिवा सांगंल ते खरं.”

रायाप्पानं शिंकं दोरीला बांधलं. दिव्याचा शब्द त्यालाही मान्य होता.

आवडा पेवाच्या तोंडाशी पालथी झोपली. डोक्यावरून घोंगडी घेतली, कारण उन्हात आतलं काही दिसत नाही. त्या घोंगडीखाली ती एकटी होती, असं सांगतात. दोरी सोडली. दिवा माणूसभर खाली गेला, त्याची ज्योत बारीक झाली, निळी झाली आणि गेली. आवडा दोरी सोडतच राहिली.

“दिवा आहे का, पोरी?” रायाप्पानं विचारलं.

वर वाजंत्री उभे होते. आई हात जोडून उभी होती. आवडा म्हणाली, “आहे.”

रायाप्पा उतरला. काहीजण म्हणतात, अर्ध्यावर अंधार बघून त्यानं हाक मारली, तरी खाली गेला. काहीजण म्हणतात, नाही, पोरीच्या शब्दावर त्यानं टोपलीभर हळद भरून दोरीला बांधली, मगच पडला. एवढं मात्र सगळे सांगतात, की दोरी ओढली तेव्हा टोपली वर आली. पिवळीधमक, सोळा वर्षांची हळद. माणूस आला नाही.

त्याचा भाऊ धावला, त्याला चौघांनी धरून ठेवलं. बायको गंगव्वा काठावर बसून हाका मारत राहिली. आत उतरायचं कुणाचं धाडस होईना, आणि झालं असतं तरी उपयोग नव्हता. हवा पालटायला एक दिवस एक रात्र लागतेच. हळदीसाठी जो दिवस थांबता आला नाही, तो मढ्यासाठी थांबावा लागला.

दुसऱ्या दिवशी रायाप्पाला वर काढलं. डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. नवरदेवाला सुद्धा कुणी इतकी हळद लावत नाही. गंगव्वानं पदरानं त्याचं तोंड पुसलं, पण रंग निघेना.

तेव्हा आवडा पुढं आली आणि सगळ्या गावासमोर म्हणाली, “दिवा नव्हता. मला दिसलं होतं.” पाटलांनी तिला गप केलं, तरी तिनं पुन्हा सांगितलं.

गाव वाट बघत होतं, की आता ही बाई शाप देणार. गंगव्वा एवढंच म्हणाली, “मग नाही म्हणायचं हुतंस की गं बाई. एक दिवस थांबलो असतो.”

लग्न मोडलं. आणि तो घटका मोजणारा आजा पुढं तीन वर्षं जगला. घ्या! आवडानं जन्मभर अंगाला हळद लावून घेतली नाही. कुठल्याही पेवावर दिवा सोडायचा असला की ती जायची, घोंगडी घेऊन पालथी झोपायची आणि दिसेल ते सांगायची. ती होती तोवर पेवात माणूस दगावला नाही म्हणे.

आता पेवं रिकामीच आहेत, हळद गोदामात जाते. पण आजही या गावात नवरीला हळद लावायच्या आधी रायाप्पाच्या घरातली एक बाई येऊन समोर बसते. ती बघा, आलीच. आमचीच सून आहे ती. आता जरा गप्प बसा.

ती विचारेल, “दिवा आहे का, पोरी?”

नवरी म्हणेल, “नाही.”

मग सून म्हणेल, “थांबू या.” आणि सगळ्या बायका उठतील.

ऐकलंत? किती हळू म्हणाली पोरगी. हळू का होईना, म्हणाली. आमच्या रायाप्पाला तेवढा एक शब्द मिळाला असता तर पुरे होतं.