फाइल वापरात आहे

“पण बाबा, तुम्ही बदलायचं थांबवणार कधी?”

भानबाबांनी मान वर केली नाही. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत ते टाइप करत होते.

“काय बदलायचं?”

“हे निरूपण. तुम्ही रोज या फाइलीत काहीतरी करता, आणि रोज ती मागे राहते.”

विचारणारा सर्वोत्तम. पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून डोंगरावरच्या या मठात शिष्य म्हणून आलेला. नाव सर्वोत्तम, आणि नावाला जागायची हौस दांडगी. मठात कॉम्प्युटर आणला त्यानेच. मठातल्या सगळ्या फाइलींची प्रत रोज इंटरनेटवरून दूर कुठेतरी जाऊन सुरक्षित बसेल, अशी व्यवस्थाही त्यानेच लावली होती.

व्यवस्था चोख होती. अडचण एकच. डोंगरावर वीज असायची सकाळी, आणि बाबा लिहायचे तेही सकाळीच. प्रत घेणारं सॉफ्टवेअर निरूपणापाशी यायचं, फाइल उघडी बघून थांबायचं, थोड्या वेळाने पुन्हा यायचं, आणि शेवटी पाटी लावून पुढे जायचं: ‘फाइल वापरात आहे. वगळली.’

गोठ्यातल्या गाईंचे फोटो सुखरूप पोचले होते. बाबांचं जन्मभराचं निरूपण तेवढं राहिलं होतं.

“परवा नाशिकला जायचंय तुम्हाला,” सर्वोत्तम म्हणाला. “हृदयाचं ऑपरेशन आहे, दाढ काढायची नाहीये. आता जाईपर्यंत फाइलीला हात लावू नका. मी शेवटची प्रत घेतो.”

“शेवटची?”

सर्वोत्तमने जीभ चावली.

“काल घेतलीस ना एक?” बाबांनी विचारलं.

काल त्याने जबरदस्ती केली होती. फाइल उघडी असली तरी उचल, असं सॉफ्टवेअरला बजावलं होतं. त्याने उचललीही, वरून खाली, एकेक पान. नेमकं त्याच वेळी बाबांनी आपल्या गुरुमाईंची गोष्ट शेवटच्या पानावरून काढून पहिल्या पानावर नेली. गोष्ट वर गेली तोवर वरचं उचलून झालं होतं. सॉफ्टवेअर खाली पोचलं, तेव्हा ती खाली नव्हती.

“गुरुमाई कुठेच नाहीत त्यात,” तो म्हणाला. “तुम्ही मध्येच हलवलंत म्हणून.”

“म्हणजे चूक माझी.” बाबा हसले. “अरे, जिवंत माणूस हलायचाच.”

“हसू नका, बाबा! तुम्ही परत नाही आलात तर… माझ्या हातात काय राहणार?”

हे मात्र त्याला बोलायचं नव्हतं. बोलून गेला आणि त्याला रडूच फुटलं. एवढा मोठा माणूस, पण रडला लहान मुलासारखा.

बाबा उठले. फाइल तशीच उघडी ठेवून स्वयंपाकघरात गेले. मठाचं ताक रोज ते स्वतः करत. त्यांनी दह्याचं भांडं पुढे ओढलं. सर्वोत्तम डोळे पुसत मागोमाग आला.

“बाबा, मी निरूपणाचं विचारतोय.”

“आणि बाहेर सगळे ताकासाठी खोळंबलेत.”

बाबांनी चमचाभर दही एका वाटीत काढलं. वाटी त्याच्या हातात दिली. “धर.”

मग भांड्यात रवी घातली आणि घुसळू लागले. घुसळता घुसळता त्यांना दम लागला, पण हात थांबला नाही. बघता बघता दह्याचं ताक झालं, वर लोणी तरंगू लागलं.

“मी थांबलो?”

“नाही.”

“तुझ्या वाटीतलं दही घुसळलं गेलं?”

“…नाही.”

सर्वोत्तम वाटीकडे बघत राहिला. रोज सकाळी बाबा असंच चमचाभर दही तिच्यात काढून बाजूला ठेवत, आणि रोज रात्री त्याच विरजणावर दुसऱ्या दिवसाचं दही लागे. तो ते रोज खात होता.

“पण बाबा, हे एवढंसंच आहे.”

बाबांनी लोणी काढायला घेतलं.

सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होती. एका क्षणी फाइल जशी असेल तशी धरून ठेवायची, आणि त्या धरलेल्या रूपावरून सावकाश प्रत घ्यायची. मूळ फाइलीत लिहिणारा खुशाल लिहीत राहतो. सर्वोत्तमला हे ठाऊक होतं, आणि ती सोय त्यानेच बंद ठेवली होती. त्याला मधलं, अपुरं काही नको होतं. पुरं झालेलं हवं होतं.

दुसऱ्या सकाळी त्याने ती सुरू केली. बाबा शेजारी टकटक करत होते. त्याने त्यांना थांबा म्हटलं नाही. थोड्या वेळाने पडद्यावर अक्षरं उमटली: ‘प्रत पूर्ण.’

तिसऱ्या दिवशी मठाच्या दारात जीप उभी राहिली. बाबा पुढच्या सीटवर बसले. सर्वोत्तम धावत आला.

“बाबा, प्रत उघडून बघितली. गुरुमाई पहिल्या पानावर आहेत!”

“वा.”

“पण शेवटचं वाक्य अर्धंच आलंय. ‘इतक्या वर्षांत मला जे कळलं ते एवढंच, की’… आणि पुढे कोरं. मूळ फाइलीत बघितलं, तर तिथे तुम्ही ते वाक्यच पुसून टाकलंय.”

“हो. पटलं नाही मला.”

“पण पुढे काय होतं, बाबा? मला काय कळायला हवं होतं?”

ड्रायव्हरने जीप सुरू केली. बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि सर्वोत्तमच्या डोक्यावर ठेवला.

“वाटी आहे ना तुझ्यापाशी? मग दूध तापत ठेव.”